मांजरमिशीच्या पाल्यातला केस

"केस? माझ्या पाल्यात?"

निंग्रुमचा स्वतःच्या कानांवर विश्वासच बसेना. दारातल्या तरुणाला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, आणि त्याचं पहिलं वाक्य हे! लावू नावाच्या डोंगराखालच्या वखारीत तो औषधी पाला निवडायचा. नाव सेतो. हातात तिचंच पोतं, मांजरमिशीच्या झुडपाच्या वाळल्या पाल्याचं.

"मांजरमिशीच्या पाल्यात," तो चाचरला. "एकच…"

"अहो, तीन पाण्यांनी धुते मी! कमरेएवढ्या उंच माच्यावर, काळ्या कापडाखाली वाळवते. डोक्याला फडकं बांधल्याशिवाय पाटीला हात लावत नाही. आणि म्हणे केस!"

"परवा वखारीच्या फळ्यावर नाव लागलं तुमचं. नापास म्हणून…"

आईच्या काळापासून वखारवाले तिच्या घरचं पोतं घेताना उघडूनही पाहत नसत. फळ्यावर नाव चढलं की पुढे वर्षभर कुणी दारात उभं करत नाही.

"दाखवा तो केस."

त्यानं कागदाची पुडी उघडली. आत आखूड, कुरळा केस. निंग्रुमनं आधी केसाकडे पाहिलं, मग सेतोच्या डोक्याकडे.

"हा… हा तर तुझाच आहे!"

"हो." त्याचे कान लाल झाले. "मीच टाकला."

तिनं पुडी त्याच्या हातातून हिसकावली.

"दोन वर्षं तुमची पोती मी निवडतोय. इतरांच्या पाल्यात कोंबडीची पिसं, खडे… एकदा तर कुणाची कवळी निघाली. तुमच्यात काही म्हणता काही नाही. हिरवागार, कुरकुरीत पाला. वाटायचं, एवढ्या मायेनं वाळवणारी आहे तरी कोण? पण तक्रार असल्याशिवाय घरी येणार कसा?"

"म्हणून माझं नाव मातीत घातलंस?" तिचे डोळे भरून आले. "जा, आत्ताच्या आत्ता मालकांना खरं सांग!"

"सांगितलं. सकाळीच. सगळ्यांसमोर फळा पुसला मीच." तो खाली मान घालून म्हणाला. "मग नोकरी गेली. हे पोतं पुन्हा निवडून आणलंय… आणि माफी मागायची होती."

असला वेडा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. राग तर आलाच होता. पण खरा धक्का तिला बसला तो स्वतःचाच — हा आता जाऊ नये, असं वाटत होतं तिला!

"उद्या ये," ती कशीबशी म्हणाली. "आईला भेटायला. पण खोटं कारण काढून नाही हं."

"मग काय सांगू त्यांना?"

"खरं काय ते."

"खरं म्हणजे… तुम्ही मला फार आवडता!" तो जवळजवळ ओरडलाच.

आतून आईचा आवाज आला, "ऐकलं गं मी! आता उद्या कशाला? घे त्याला आत, चहा टाकते."