सहावी वही

फ्रीज बंद करायचं काम चिमणीकडे होतं.

त्या जुन्या दगडी सभागृहाला लागून एक छोटं स्वयंपाकघर होतं आणि तिथल्या फ्रीजची घरघर भिंतीपलीकडच्या माइकांना ऐकू जायची. म्हणून रोज गाणं सुरू होण्याआधी चिमणी फ्रीजचं बटण बंद करायची आणि काकांच्या गाडीची किल्ली आत, दुधाच्या बाटलीशेजारी ठेवायची. किल्लीशिवाय कुणी घरी जाऊ शकत नव्हतं, त्यामुळे निघताना फ्रीज चालू करायची आठवण आपोआप राहायची. ही युक्ती रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंची. त्यांना सगळे हेडफोनवाली म्हणत, तोंडावरसुद्धा.

"किल्ली गारठली तर गारठू दे, गाडी सुरू झाली म्हणजे मिळवली," नगारा रोज म्हणायचा आणि रोज एकटाच हसायचा. सहा गाणाऱ्यांत त्याचा आवाज सगळ्यात खालचा होता.

सहा गळे आणि वाद्य एकही नाही. गाणं पाचशे वर्षांपूर्वीचं. त्या काळी प्रत्येक गाणाऱ्याची वही वेगळी असायची आणि तिच्यात फक्त त्याचीच ओळ असायची. सगळ्या वह्या एकत्र आल्या तरच गाणं पुरं व्हायचं. या गाण्याच्या पाचच वह्या उरल्या होत्या. सहावी कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चिमणीनं तीन महिने त्या पाच ओळींमधल्या फटींना कान लावून सहावी ओळ लिहून काढली. काकांनी ती वाचली, दोन स्वर बदलले आणि वर पुनर्रचनाकार म्हणून स्वतःचं नाव घातलं. काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि या गटाचे प्रमुख. चिमणी काही बोलली नाही. न बोलण्यात ती लहानपणापासून तरबेज होती. नाव कुणाचंही असो, ती ओळ गाणार तर मीच, एवढीच तिनं मनाची समजूत घातली.

रेकॉर्डिंगचा शेवटचा दिवस होता. आज हेच गाणं होतं. दुपारचे तीन वाजले होते. उंच खिडक्यांतून पांढरं, थंड ऊन जमिनीवर पडलं होतं. सहा जण गोल करून उभे राहिले. प्रत्येकासमोर एक माइक. काकांनी हात उचलला.

पहिला टेक छान झाला. शेवटचा स्वर छताखाली बराच वेळ फिरत राहिला. सगळे ऐकायला बाजूच्या खोलीत जमले, तेव्हा हेडफोनवालीचा चेहरा उतरलेला होता.

"आत किती जण होतात?"

"सहा," नगारा म्हणाला. "मला दोन धरलंत तर सात."

ती हसली नाही. तिनं बाकीचे पाच माइक बंद करून फक्त चिमणीचा चालू ठेवला. चिमणीचा आवाज ऐकू आला. आणि त्याच्या अगदी पाठीला पाठ लावून दुसरा एक. बाईचा. बारीक, कोरडा. तो चिमणीची ओळ गात नव्हता. चिमणी जिथे खाली उतरत होती, तिथे तो वर चढत होता. आणि कुठेच... कुठेच श्वास घेत नव्हता.

"प्रतिध्वनी असेल," कुणीतरी पुटपुटलं.

"प्रतिध्वनी वेगळी चाल गात नाही," हेडफोनवाली म्हणाली.

दुसरा टेक झाला. तिसरा झाला. तिसऱ्याच्या वेळी विझवलेल्या मेणबत्तीचा वास आला, जरी मेणबत्ती कुणीच लावली नव्हती. चिमणीच्या मानेमागे गार काहीतरी उभं होतं. तिला वळायचं नव्हतं.

हेडफोनवालीनं तिला बाजूला घेतलं. "चिमणे, दर टेकला तुझा आवाज कमी भरतोय. जेवढा तुझा उतरतो, तेवढाच त्या दुसऱ्याचा चढतो. मला हे बरं दिसत नाही. घरी जाऊ या."

पण काका हलायला तयार नव्हते. हेडफोन कानाला दाबून ते डोळे मिटून ऐकत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हीच ती," ते हळूच म्हणाले. "हरवलेली वही. ज्या बाईची होती, तीच गातेय. चिमणे, एक टेक... एकच टेक तू गप्प राहा. नुसते ओठ हलव. मग ती मोकळी गाईल."

"आणि माझी ओळ?"

"तुझं ते ठिगळ होतं गं. मूळ कापड सापडलं की ठिगळ काढतात."

नगाऱ्यानंही विनोद केला नाही.

चिमणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घशात जेमतेम आवाज उरला होता. आत्ता गप्प राहिलं तर ओळ जाणारच. तिच्याबरोबर हा उरलासुरला आवाजही जाईल, हे तिला पक्कं कळलं होतं.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही ज्यावर नाव घातलंत, ते ठिगळ होतं?"

काकांनी डोळे उघडले.

"मी लिहिलंय ते. मीच गाणार. माझंच गाणार. तुम्ही बदललेले दोन स्वरसुद्धा मी परत माझे करणार. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं कान झाकावेत."

"चिमणे, उलट बोलतेस?"

"हो. बोलतेय."

ती जाऊन गोलात उभी राहिली. आधी नगारा आला, मग बाकीचे तिघे. सगळ्यात शेवटी काका आले, पण त्यांनी हात उचलला नाही. चिमणीनंच मान हलवून सुरुवात दिली.

या वेळी तो आवाज थेट सभागृहातच ऐकू आला. सगळ्यांना. तिच्या कानापाशी, भिंतीसारखा गार. दोन्ही ओळी वेगळ्या होतात ती जागा आली. आवाजानं तिला वर ओढलं. तिची मान खरोखरच वर गेली. तिनं टाचा जमिनीत रोवल्या, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, अगदी बेसूर वाटेल असा श्वास घेतला आणि ती खाली उतरली. स्वर फाटला. फाटू दे. पुढचा लागला, त्याच्या पुढचा त्याहून भरून लागला. मानेमागचा गारवा एक पाऊल मागे सरला... मग आणखी एक. शेवटच्या स्वरावर सहाच आवाज होते. काकांचा थरथरत होता.

त्यानंतर नेहमीचं शेवटचं काम उरलं. सभागृहाची एक मिनिटाची शांतता टिपून घ्यायची. दोन गाण्यांमधल्या मोकळ्या जागेत ती भरतात. सगळे न हलता उभे राहिले. मिनिट झालं. कुणाला काहीच ऐकू आलं नाही.

बाजूच्या खोलीत हेडफोनवालीनं ते मिनिट लावलं.

त्यात कुणीतरी गुणगुणत होतं. चिमणीची ओळ. फाटलेल्या स्वरासकट. पाठ करताना गुणगुणतात तसं, एकेक टप्पा चाचपत. तिसऱ्या टप्प्याला तो आवाज अडला, मागे गेला, पुन्हा तिथेच चुकला आणि थांबला.

काका दारापर्यंत मागे सरले. "बंद कर ते," नगारा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला होता.

चिमणी स्पीकरजवळ वाकली.

"तिसऱ्या टप्प्याला खाली यायचं," ती म्हणाली. "वर नाही. पुन्हा म्हण."

संगणकाच्या पडद्यावरचे आकडे साठ सेकंदांवर येऊन थांबले होते. रेकॉर्डिंग संपलं होतं.

स्पीकरमधून गुणगुणणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.