पितळी टोप्यांचे स्टंप

मे महिन्यात पिंपळवंडीच्या पोरांना स्टंप कधी कमी पडत नाहीत. टोमॅटो संपला की मळ्यातल्या तारा उतरतात, खुंट उपटले जातात, आणि ज्याला हवेत त्याने तीन उचलावेत. सुदर्शनने आपल्या आजोबांच्या, म्हणजे धर्माजीतात्यांच्या मळ्यातून असेच तीन उचलले, बांधालगत ठोकले आणि बॅट घेऊन ऐटीत उभा राहिला. यशोधराच्या पहिल्याच चेंडूवर मधला स्टंप उडाला.

सुदर्शनची बहीण आरोही टाळ्या पिटायला लागली. यशोधरा मात्र उडालेला स्टंप उचलून बघतच राहिली. गोल, गुळगुळीत, खाली निमुळता होत गेलेला. टोकाची माती तिने ओढणीने पुसली, तर आत पितळेची टोपी चमकली.

"हा खुंट नाही," ती म्हणाली. "हा खुर्चीचा पाय आहे. वाचनालयातल्या."

दोघा भावंडांचं हसू तिथंच विरलं. वाचनालयाच्या खुर्च्यांची गोष्ट गावात कोणाला ठाऊक नव्हती? यशोधराचे आजोबा, जयवंतआबा, ते वाचनालय सांभाळायचे. दर शनिवारी त्या पितळी टोप्या चिंचेने घासायचे. पण ही पोरं बालवाडीत होती तेव्हा आबा ऑपरेशनसाठी पुण्याला गेले, आणि परत येऊन बघतात तर खोली रिकामी. खुर्च्या त्यांनीच भंगारात घातल्या, असं गाव तेव्हापासून बोलत आलं. आबा पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत. आता दुरुस्त झालेलं वाचनालय या रविवारी उघडणार होतं, तरी ते येत नाही म्हणाले होते.

"आणि पाय निघाले आमच्या मळ्यात," सुदर्शन हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पार पडला होता.

तात्यांना तडक विचारावं, असं यशोधराचं म्हणणं. पण आरोही वयाने लहान आणि डोक्याने वस्ताद. विचारलं की तात्या खेकसणार आणि विषय संपणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आधी बाकीची खुर्ची शोधू, असं तिने ठरवून टाकलं.

तात्यांच्या पॅकिंग शेडमध्ये तिघांनी नुसता धुमाकूळ घातला. शोधलं तर काय काय सापडलं म्हणता! खुर्चीची पाठ कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलेली. बाकदार हात भिंतीला ठोकून त्यांवर पोती टांगलेली. बैठकीच्या चौकटीवर पाण्याचा ड्रम. गड्यांना बिचाऱ्यांना दिसलं ते लाकूड, आणि लाकूड काय, कामाला येतंच.

एवढ्यात मंगलआत्या दारात येऊन उभी राहिली. तात्यांची ही लेक पुण्याहून माहेरपणाला आली होती. बाकीच्या लेकी माहेराहून पापड-कुरडया नेतात, ही मोडक्या खुर्च्या, जुन्या किटल्या आणि काडेपेटीची चित्रं नेते, म्हणून घरात तिची कायम चेष्टा चाले. तिने हातात तो पाय घेतला आणि चक्क शेणाच्या जमिनीवर फतकल मारली.

पोरांनी तिला सगळं सांगितलं. मग तिने सांगितलं ते ऐकून पोरांचे डोळे मोठे झाले. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, देश नवा असताना, काही कारागिरांनी ठरवलं की आता खुर्चीही नवी हवी. सिंहाचे पंजे नकोत, वेलबुट्ट्या नकोत. साधं, हलकं, कोणालाही बसावंसं वाटेल असं. राजवाड्यासाठी नाही, वाचनालयासाठी. त्यांतलीच ही एक.

बाकीच्या खुर्च्यांचे भागही शेडभर विखुरले होते, पण आधी एक उभी करू म्हणून मळ्यातून चौथा पाय शोधून आणला आणि चौघांनी मिळून जोडणी सुरू केली. खाचेत कूस, म्हणजे लाकडाचं घडवलेलं टोक, बसत गेली, एकही खिळा लागला नाही. बैठकीचा वेत कधीच कुजला होता. यशोधराने टोमॅटो बांधायच्या सुतळीने ती विणून काढली. आत्याने जवसाच्या तेलाचा बोळा फिरवला आणि राखाडी लाकडातून मधाच्या रंगाच्या रेषा वर आल्या. चारही पाय जरासे फाकलेले, नुकतं उभं राहिलेलं वासरू जसं. आपण कोंबड्यांच्या खुराड्यात इतकं सुंदर काही कोंडलं होतं, याचं सुदर्शनला रडू यायला लागलं.

आता आरोहीची पाळी. ती तात्यांना हाताला धरून घेऊन आली आणि लाडात म्हणाली, "तात्या, आत्या म्हणते, असलं लाकूड ओळखायला नजर लागते. शेडमध्ये कोणी आणलं हो?"

तात्यांची छाती फुगली. "कोन आननार? मीच! वाचनालय गळत व्हतं. जयवंता दवाखान्यात, किल्ली माज्याकडं दिलेली. म्हनलं, दोन दिस शेडात ठिऊ, न्हाईतर लई नुकसान..."

बोलता बोलता त्यांची नजर वर गेली. समोर यशोधरा उभी होती.

तात्या मटकन पोत्यावर बसले. पाऊस लांबला, मग ऊसतोड आली, आणि शेडमधल्या खुर्च्या ते साफ विसरले होते. गावाने विचारलं तेव्हा "मला काय ठावं, जयवंताला इचारा" एवढंच ते बोलले होते, आणि किल्ली कोणाकडे होती ते आबांनीही कधी सांगितलं नव्हतं. त्या एका वाक्याचं गावाने काय केलं, ते त्यांना आज कळत होतं.

तात्या तसेच उठून जयवंतआबांच्या दारी गेले आणि हात जोडले. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"धर्माजी, माज्यावर आळ आला तो चावडीवर," ते म्हणाले. "मंग माफी दारात कशाला?"

तात्यांनी मान डोलावली. आबांना घेऊन ते शेडमध्ये परतले आणि त्यांनी खुर्ची स्वतःच्या डोक्यावर घेतली. सुदर्शन पुढे झाला तर त्याला हाताने मागे सारलं. भर बाजारपेठेतून ते चालत निघाले, मागे आबा, आणि त्यांच्या मागे पोरं.

चावडीवर माणसं पत्ते टाकून बघायला लागली. तात्यांनी खुर्ची मधोमध ठेवली आणि सगळं सांगितलं, स्वतःला एकदाही न वाचवता. मग म्हणाले, "ह्या पोरांनी माजे डोळे उघाडले. आनि जयवंतानं कवाच काय इकलं न्हाई."

सरपंचांनी तिन्ही पोरांना जवळ घेऊन पाठ थोपटली. एवढी वर्षं जे गावाला सुचलं नाही ते तुम्ही केलंत, असं म्हणाले. जयवंतआबा खुर्चीच्या हातावरून बराच वेळ हात फिरवत राहिले. मग बसले, पाठ टेकून, अगदी ऐसपैस.

आणि चावडीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली.