मंचावरची रिकामी खुर्ची

"अहो, हात नका लावू! झटका देतो तो!"

मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आमच्याच कंपनीचा हीटर, आमच्याच स्वागतकक्षात, आणि त्याच्याजवळ खांद्याला पिशवी लावून उभा असलेला तो... मला वाटलं, दुरुस्तीवाला आला एकदाचा.

"नेहमीच देतो?" त्यानं हात मागे घेतला. डोळे मात्र हसत होते.

"नवीन मॉडेल सगळंच तसलं. वर सांगितलं, पण ऐकतंय कोण!"

"तुम्ही इथे काय करता?"

"कंपनीचं गुणगान. जनसंपर्क विभाग," मी ऐटीत म्हणाले.

"मग माझे प्रश्न तुमच्यासाठीच. मी शनिवारच्या कार्यक्रमातला."

शनिवारचा टीव्हीवरचा तो कार्यक्रम म्हणजे हसत हसत कंपन्यांची सालटी काढणारा. जी कंपनी उत्तर देत नाही, तिच्यासाठी मंचावर खुर्ची रिकामी ठेवतात आणि निवेदक त्या खुर्चीशीच गप्पा मारतो. आता नीट पाहिलं... निवेदक हाच होता!

"मी बोलले ते... दाखवणार?"

"चहा दिलात तर विचार करीन."

"लाच मागताय?"

"छे! लाच असती तर बिस्किटंही मागितली असती."

मी हसले... आणि हसल्याचीही भीती वाटली.

त्यानं दिलेले प्रश्न वाचून साहेब भडकलेच. त्यात एक झटक्याचाही होता. "एक अक्षर बोलायचं नाही! वकिलांची नोटीस पाठवा. जाहिराती काढून घेऊ म्हणावं. आणि याला आतलं कोण सांगतंय ते शोध. हे काम तुझं!"

म्हणजे मीच मला शोधायचं होतं.

त्याचा रोज फोन यायचा.

"कंपनी काही बोलणार नाही," मी पाठ केलेलं म्हणायचे.

"कंपनीचं राहू द्या हो. तुम्ही जेवलात का?"

फोन ठेवल्यावरही कितीतरी वेळ छातीत धडधडत राहायचं. नोकरीच्या भीतीनं की त्याच्या आवाजानं, ते मलाच कळत नव्हतं.

शनिवारी आई म्हणाली, "अगं, नखं किती खाशील!" पडद्यावर त्यानं खुर्चीवर आमचा हीटर ठेवला होता, वर मफलर गुंडाळून. लोक पोट धरून हसत होते. त्यानं किमतीवरून टोमणे मारले, जाहिरातीची नक्कल केली. झटक्याबद्दल मात्र... चकार शब्द नाही. माझ्यासाठीच वगळलं होतं त्यानं. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मावशीचा फोन. "हसून हसून बेजार झाले बाई! पण हीटर चांगलाय ना गं? तुझी कंपनी म्हणून कालच घेतला. नातवाच्या खोलीत लावलाय."

"मावशी, भिंतीवरचं बटण बंद कर! हीटरला हात लावू नकोस... आणि पोराला बाहेर काढ!"

तिनं बंद केल्याचं सांगेपर्यंत मी फोन ठेवला नाही. मग मी त्याला फोन लावला.

"झटक्याचं का गाळलंत?"

"तुमची नोकरी गेली असती. आणि... मला तुम्ही आवडता. चुकलंच माझं, कळतंय मला."

"मलाही आवडता तुम्ही. म्हणून तर एवढी चिडलेय!" मी ओरडलेच. "पुढच्या शनिवारी ती खुर्ची माझी. तिथे बसून मी सगळं सांगणार."

त्यानं विचारलं, "भीती नाही वाटत?"

"खूप वाटतेय हो..."

"मी समोरच असेन."

"मग चहा तयार ठेवा," मी डोळे पुसत म्हणाले. "आणि बिस्किटंही."