भिवराबाईचा ओटा

सोनपेठला भाड्याचं घर मिळालं तेव्हा शिवकन्यानं आधी पाहिलं ते दार. स्वतःचं दार, स्वतःची कडी. पंधरा वर्षं तिनं सासरच्या खेड्यात थोरल्या जावेच्या हाताखाली भाकरी थापल्या होत्या. मिठाची बरणी हलवायची तरी विचारावं लागायचं. नवऱ्याला, अमृतला, खताच्या दुकानात काम लागलं आणि दोघं निघाली, तर जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "जाऊ द्या तिला. आठ दिसांत माघारी येती का न्हाई बघा." शिवकन्यानं त्याच क्षणी मनाशी खूणगाठ बांधली: मरेन, पण त्या चुलीपुढं परत बसणार नाही.

मग तिनं स्वयंपाकघराचं दार ढकललं. अगं बाई गं!

भिंतीवर तेल, खिडकीच्या गजांवर तेल, दिव्याच्या बटणावर तेल. काळ्या कडाप्प्याचा ओटा गुळाच्या ढेपेसारखा पिवळट, चिकट झालेला. त्याच्यावरच्या टाइल्स कधीकाळी पांढऱ्या होत्या यावर कुणाचा विश्वास बसला नसता. एक झुरळ त्या चिकट्यात अडकून तिथंच वाळलं होतं. तिनं भिंतीला बोट लावलं, तर ते सुटताना 'चप्' असा आवाज आला.

"ह्येच्यात कसं शिजवावं माणसानं?" अमृत नाकाला रुमाल लावून म्हणाला. "गुरुवारपर्यंत बघू. न्हाई निघालं तर सामान बांधू आन गावाकडं जाऊ. हॉटेलातलं मला पचत न्हाई."

"निघंल," शिवकन्या म्हणाली आणि तिनं पदर खोचला.

सोमवारी तिनं उलथन्यानं खरवडायला सुरुवात केली. पापुद्रा निघायचा, त्याखाली दुसरा. उकळतं पाणी, सोडा, लिंबू, राख, तारेची घासणी… खांदे भरून आले, नखं काळी झाली. संध्याकाळी अर्धी भिंत पांढरी दिसली तेव्हा तिला लहान पोरीसारखं हसू फुटलं. पण मंगळवारी सकाळी बघते तर त्याच पांढऱ्या भिंतीवर तेलाचे चार लांब पट्टे. चार बोटांचे. वरून खाली ओढलेले.

"तुमी हात लावला व्हय?"

"मी कशाला लावू? मी निजलो होतो," अमृत म्हणाला, आणि ते खरंच होतं.

तिनं पुन्हा घासलं. बुधवारी सकाळी पट्टे ओट्यावर होते. शिवाय दुपारी, ऊन डोक्यावर आल्यावर, लसणाच्या फोडणीचा वास सुटला. घरात अजून गॅस आला नव्हता, पाणी तापवायचा स्टोव्ह विझलेला होता आणि शेजारणीच्या दाराला कुलूप होतं. वास ओट्याच्या कोपऱ्यातून येत होता… आणि त्या कोपऱ्यात कुणीतरी फार दमून श्वास टाकत होतं.

ती शेजारीण, कस्तुराबाई, संध्याकाळी घरी आली. शिवकन्यानं तिला गाठलंच. म्हातारीनं आधी आजूबाजूला पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"भिवराबाई म्हणून व्हती. लग्नाकार्याचा सैपाक करायची. एक दिवस शंभर माणसांचं रांधून घातलं, पंगती उठल्या, आन बाई वट्यापाशी बसली ती बसलीच. गेली. सात वर्षं झाली. तवापासून जी कुणी ऱ्हायला आली, तिनं सांजच्याला त्या कोपऱ्यात पळीभर तेल सोडलं. घर रिकामं असलं तर मी खिडकीतून सोडते."

"तेल? काऊन?"

"उपाशी गेली ना बिचारी! तिला कायतरी द्याया नको? तरी कुणी टिकत न्हाई गं. तू बी सोड, लेकी. खामखा अंगावर घेऊ नगस." आणि म्हातारीनं घरातून वाटी आणून, शिवकन्याच्या स्वयंपाकघरात शिरून स्वतःच्या हातानं, देवाला घालावं तसं, करडीचं तेल कोपऱ्यात ओतलं.

गुरुवारी सकाळी सगळा ओटा माखलेला. तीन दिवसांचं घासणं पाण्यात गेलं. अमृत ते बघून चप्पल घालता घालता म्हणाला, "चार वाजता टेम्पो सांगून येतो. खरंच, लय झालं आता." तो गेला, आणि शिवकन्या मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडली. जावेचं तोंड तिला आत्ताच दिसत होतं.

बाराच्या सुमाराला वीज गेली. पंखा थांबला. बाहेर चिटपाखरूही नव्हतं. स्टोव्हवर सोड्याचं पाणी उकळत होतं तेवढाच आवाज… आणि मग तोही ऐकू येईनासा झाला, कारण कोपऱ्यातलं तेल हललं.

तिच्या डोळ्यांदेखत हललं. चार बोटं त्यावर दाबली गेली, कुणाची ते दिसत नव्हतं, आणि तेल कोपऱ्यातून काठाकडं सरकत आलं. सावकाश. काठाशी येऊन थांबलं. पुन्हा कोपरा. पुन्हा काठ… शिवकन्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळावं म्हटलं तर पाय जागचे हलेनात. नजर मात्र तिथंच खिळून राहिली, आणि पाहता पाहता तिला काहीतरी ओळखीचं वाटलं.

दर वेळी तेल काठाशी आलं की काठाखाली, हवेत, ते ओंजळभर जागेत थेंब थेंब साचत होतं. तळव्यात साचावं तसं. खरकटं खाली सांडू नये म्हणून डावा हात काठाखाली धरतात, अगदी तसंच! तिची आई असाच ओटा पुसायची. ती स्वतः असाच पुसते. ओटा पुसल्याशिवाय, खरकटं काढल्याशिवाय पाठ टेकायची नाही, हे तिला न्हाणं येण्याच्याही आधी शिकवलेलं.

"अगं माय…" ती पुटपुटली. "ही खायला येत न्हाई. ही पुसायलीय."

सात वर्षं! पंगत उठली, ओटा तसाच राहिला, आणि बाई त्याच्यापायी अडकली. हातात फडकं नाही, पाणी नाही, रिकाम्या हातानं रोज पुसती. आणि ह्या शहाण्या बाया रोज वरून तेल ओततात! शिवकन्याची भीती कुठल्या कुठं गेली. तिला असा राग आला, अशी कणव आली, की तिनं उकळत्या पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि ओट्यावर ठेवलं.

"घ्या बाई. सरका जराशा. तुमी वटा घ्या, मी भिंत घेते."

ती भिंतीकडं वळली. पाठीमागं बराच वेळ काहीच झालं नाही. मग फडकं ओढल्याचा आवाज आला… खस्स. पुन्हा खस्स. शिवकन्यानं मागं पाहिलं नाही. आवाज थांबला की ती न बघता हात मागं करी, थंड फडकं हातात येई, ती ते गरम पाण्यात पिळून परत देई. दोघी भुतासारख्या राबत होत्या म्हणायचं, तर त्यातली एक होतीच.

साडेतीनला वीज आली. टाइल्स बगळ्याच्या पंखासारख्या पांढऱ्या, आणि ओटा असा काळाभोर, की शिवकन्याला त्यात स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसलं. अमृत टेम्पोवाल्याला घेऊन आला आणि दारातच थबकला.

"आयला! कुणी केलं हे?"

"आमी," शिवकन्या म्हणाली. "टेम्पो माघारी लावा आन गॅसची टाकी आणा."

कस्तुराबाई दिवेलागणीला तेलाची वाटी घेऊन आली, तर शिवकन्या दारात आडवी उभी. "मावशी, ते तेल तुमच्या भाजीत घाला. इथं पुन्हा थेंब सांडला तर तुमाला पुसाया लावीन." म्हातारी ओटा बघून तोंडात बोटं घालून परत गेली.

मग गॅसला हळदकुंकू वाहिलं, दूध ठेवलं, आणि ते उतू गेलं तसा शिवकन्यानं जावेला फोन लावला. "ताई, दूध उतू गेलं बघा. जेवायला कवा येता?" उत्तर यायच्या आत तिनं फोन ठेवला. त्या रात्री ती पंधरा वर्षांत झोपली नव्हती अशी झोपली.

सकाळी उतू गेलेल्या दुधाचा डाग नव्हता. गॅसवरचं हळदकुंकूही नव्हतं. शिवकन्या हसली, तोंड धुवायला आरशापुढं गेली, आणि हसू विरलं. तिचं कपाळ कोरं होतं. घासून घासून लाल झालेलं. कुंकवाचा करंडा उघडला, तर आत चिमूटभरही नाही, पितळ लख्ख.

ती धावत आत गेली. अमृत घोरत होता, छाती खालीवर होत होती. मग मात्र ती भडकली. कस्तुराबाईकडून मूठभर कुंकू आणलं, करंड्यात भरलं, ओट्यापुढं उभं राहून कपाळावर ठसठशीत लावलं, अमृतलाही टिळा ओढला. "बाई, वटा दोघींचा. पण कपाळ माजं एकटीचं. हात लावाल तर याद राखा." मोरीत कुणीतरी फडकं पिळलं, बस्स.

दुपारी अमृत दुकानातून जेवायला आला. तिनं पहिली भाकरी वाढली आणि वर पाहिलं. त्याच्या कपाळावर काही नव्हतं. "घामानं गेलं आसंल," तो म्हणाला. तिनं हात लावून पाहिलं, कपाळ ओलं होतं आणि कोमट, आत्ताच पिळलेलं फडकं फिरवल्यासारखं.

शिवकन्यानं अंगठा कुंकवात बुडवला आणि पुन्हा टिळा ओढला. "जेवा तुमी," ती म्हणाली. पुसलं गेलं की लगेच लावता यावं म्हणून करंड्याचं झाकण तिनं त्या दिवसापासून लावलेलं नाही.