खिशातली चकती

गाडी गॅरेजच्या दारात आली ती गुमान. पण तिथेच बंद पडली, मालकाने पुन्हा चावी फिरवली, आणि तिने असा काही कर्रकर्र आवाज काढला की समोरच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवून वर पाहिलं.

"सोडा! आधी ती चावी सोडा!"

आवाज आला दुसऱ्या एका गाडीखालून. मग दोन बूट बाहेर आले, मागून ग्रीसने माखलेले हात, आणि शेवटी एक चांगलंच तापलेलं डोकं. तिला सगळे उस्ताद म्हणत. लहानपणी बाबांनी लाडाने ठेवलेलं नाव. बाबांचे हात थरथरायला लागले आणि गॅरेज तिच्यावर आलं, तेव्हापासून त्या नावात लाड कमी आणि दरारा जास्त होता.

"फ्लायव्हील कुणी बदललं?" तिने विचारलं.

गाडीतला तरुण चपापला. "तुम्हाला कसं कळलं?"

"कान आहेत मला. कुणी बदललं?"

"मी... आणि मोबाइलवरचा एक व्हिडिओ."

"मेकॅनिक आहात?"

"घड्याळं दुरुस्त करतो. वर, उतारावर दुकान आहे."

दारातल्या खुर्चीत बसलेले बाबा खो खो हसले. "घ्या! आता आपण घड्याळं उघडूया, उस्ताद."

घड्याळवाला ओशाळला, पण हसलाही. "इंजिनच्या त्या जुन्या चाकाचे दाते झिजले होते हो. कंपनीचं मिळेना, म्हणून दुसऱ्याच कुणी बनवलेलं आणलं. दाते मोजून घेतले होते, अगदी बरोबर तेवढेच!"

"दाते मोजलेत. मधली फट मोजलीत का?"

त्याने इतक्या सज्जनपणे मान खाली घातली की उस्तादचा राग निम्म्यावर आला. मेली ही माणसं, तिला वाटलं, चूक करतात आणि वर गोड दिसतात!

तिने स्टार्टर काढला. दात्यांना निळी शाई फासली, स्टार्टर परत बसवला, घड्याळवाल्याला एकदाच चावी मारायला लावली आणि पुन्हा सगळं उतरवलं. शाई दात्यांच्या पार बुडापर्यंत खरवडली गेली होती.

"हे बघा. चावी फिरवली की स्टार्टरचं हे छोटं चाक पुढे येतं, फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरतं, इंजिन फिरवतं आणि मागे जातं. तुमच्या नव्या फ्लायव्हीलचा घेर आहे कणभर मोठा. त्यामुळे हे शिरतं गच्च आणि निघताना अडतं."

त्याने खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि वाकला. "दोन दात्यांना श्वास घ्यायला जागा लागते," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. "घड्याळातही तसंच. फार जवळ आले की अडतात. फार लांब गेले..."

"की घसरतात," ती म्हणाली.

भिंग तसंच डोळ्याला... आणि नजर दात्यांवरून हळूच तिच्याकडे वळलेली.

"काय बघताय?"

"तुमच्या पापणीवर शाई लागलीय."

"मग? पुसू?"

"नको... राहू दे."

बाबांना नेमका तेव्हाच खोकला आला.

उपाय सोपा होता. स्टार्टर जिथे बसतो तिथे पत्र्याच्या पातळ चकत्या घालायच्या, म्हणजे तो जरा लांब सरकतो. मग ठरावीक जाडीची तार दोन दात्यांमधून घालून बघायची. सहज सरकली की झालं. उस्तादने हिशेब केला: दोन चकत्या. पहिली घातली. दुसरी बोटांत धरली, आणि तो बाहेरून मोकळेपणाने म्हणाला, "चला, आता तुम्हाला परत त्रास द्यायला नको!"

तिचा हात थांबला. परत नाही? म्हणजे... परत नाहीच?

दुसरी चकती तिच्या खिशात गेली.

"आवाज आला तर लगेच या हं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

एका चकतीवर दोन-चार दिवस निघाले असते, मग तो करकरत दारात आला असता. पण चार दिवस गेले, आठ गेले, आणि त्याचा पत्ता नाही. उस्तादच्या डोळ्यांपुढे सारखे ते दाते यायचे. कोरे करकरीत दाते रोज थोडे थोडे झिजत असणार, आणि ते तिच्यामुळे! जेवणावरचं मन उडालं. नवव्या दिवशी बाबांनी तिचा धुवायचा कोट झटकला आणि चकती टणकन फरशीवर पडली.

"ही कुणाची राहिली? या गॅरेजातून अर्धं काम कधी बाहेर गेलं नाही, उस्ताद."

"गेलं, बाबा." तिने चकती उचलून मुठीत धरली. "मीच पाठवलं. मुद्दाम."

"का गं?"

"तो परत यावा म्हणून."

थरथरत्या हातांनी बाबांनी पान्ह्यांची पिशवी तिच्यापुढे केली. "जा. काम पूर्ण कर. आणि त्याला खरं काय ते सांग."

खरं सांगितलं तर तो पुन्हा तोंड बघणार नाही, हे तिला चढ चढताना पावलोपावली कळत होतं. तरी ती चढली. दुकानाबाहेर गाडी उभी होती. तोंड उताराकडे, चाकाखाली दगड.

आत पन्नास घड्याळं टिकटिकत होती. तिने चकती काचेच्या टेबलावर ठेवली. "ही तुमच्या गाडीत हवी होती. मी ठेवून घेतली. तुम्ही परत यावं म्हणून... चुकलं माझं. फार चुकलं."

तो भिंग काढून तिच्याकडे बघत राहिला. "माहितीये," तो म्हणाला.

"काय माहितीये?"

"त्याच दिवशी तार घालून बघितली. सरकेना."

"आणि तरी चावी फिरवत राहिलात?"

"छे! एकदाही नाही. गाडी बंद करायची ती फक्त उतारावर. निघताना दगड काढायचा, गडगडत सुटायचं आणि गिअर टाकायचा. आठ दिवस शेजारीपाजारी हसतायत. पण दाते आहेत तसे आहेत."

"वेडेच आहात! एक चकती घालायला तुम्हाला काय अवघड होतं?"

त्याने खण उघडला. आत एक पितळी चकती होती, घासूनपुसून आरशासारखी केलेली. "ही केव्हाच तयार आहे. पण घातली तर यायला कारण उरत नव्हतं. आणि तशीच गाडी घेऊन आलो असतो तर बाबांसमोर तुमचं काम चुकलं म्हणावं लागलं असतं. तेही जिभेवर येईना. आणि... ती चुकून राहिली की मुद्दाम, तेच कळत नव्हतं. मुद्दाम असावी असं फार वाटत होतं."

उस्तादला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदमच. "असलं मी पुन्हा करणार नाही. तुझ्या... तुमच्या गाडीशी नाही, कुणाच्याच नाही."

"तुझ्याच राहू दे," तो म्हणाला.

चकती बसवली दोघांनी मिळून. त्याची पितळी. ती गाडीखाली, तो शेजारी पालथा पडून पान्हे देत होता. तार दात्यांमधून अलगद सरकली. "फिरव चावी," ती खालून सरकून बाहेर येत म्हणाली. इंजिन एका फटक्यात सुरू झालं, कुठे कुरकुर नाही की काही नाही.

"झालं," तो जरा उदासपणे म्हणाला. "आता यायला कारण नाही."

"आवडतोस मला. एवढं कारण पुरतं का?" ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

तिला हात पुसायला म्हणून दिलेला रुमाल त्याने तिच्या हातासकट धरून ठेवला.

जाताना तिने टेबलावरची आपली चकती उचलली, त्याच्या खणात, पितळी होती त्याच जागी ठेवली, आणि खण लावून टाकला.

"संध्याकाळी ये. काम पूर्ण झालं म्हणून बाबांना तूच सांग." चार पावलं जाऊन ती वळली. "आणि चावीने सुरू करून ये हं... गडगडत नको!"