लेबल नसलेला डबा

हिंदमाताला गुडघाभर पाणी तुंबलं होतं, आणि नेमक्या त्या पाण्याच्या मधोमध मनवाच्या हातातली टोपली बुडाला फाटत चालली होती.

टोपलीत साठ गावठी अंडी होती. देवरुखहून गंगूआत्याने भाताच्या तुसात एकेक रचून बसने पाठवलेली. बसवाल्याने पाणी पाहून गाडी अलीकडेच थांबवली, टोपली तिच्या हातात दिली आणि "सांभाळा हां ताई" म्हणून हात झटकले. सांभाळायला दोन हात पुरतील असं त्याला वाटलं असावं.

"थांबा! वर उचलू नका... खालून हात लावा!"

पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, बॅग गळ्यात अडकवलेला एक उंच मुलगा पाणी कापत आला आणि त्याने दोन्ही तळवे टोपलीच्या बुडाशी धरले. इतके अलगद, की आतलं एक अंडं दुसऱ्यावर आपटलं नाही.

"आता तुम्ही कडा धरा, मी बूड धरतो. उजवा पाय आधी. सावकाश."

दोघं समोरासमोर, मधे टोपली. तो उलटा चालत होता आणि ती त्याच्याकडे बघत. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. मनवाच्या लक्षात आलं, या मुलाच्या पापण्यांवरून पाणी टपकतंय, पण ते पुसायला हात सोडायचं त्याच्या मनातही येत नाहीये.

"तुम्ही अंडीवाले आहात का हो?"

"नाही. पण अंड्यांशी रोजची गाठ आहे. इथे एका हॉस्पिटलच्या किचनचं स्टोअर बघतो. गौतम नाव माझं. नायगावला राहतो." मग टोपलीकडे बघून, "आज गटारी जोरात दिसतेय!"

"कसली जोरात! उद्यापासून श्रावण. आता गणपतीचं विसर्जन होईपर्यंत आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघणार नाही. आणि आत्यानं आजच पाठवली."

बोलता बोलता सगळंच बाहेर आलं. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यामुळे तिने कोंबड्या देऊन टाकल्यात. ही त्यांची शेवटची अंडी. मनवा लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत केक करते. दादरला एक कॅफे आहे, तिथल्या पूर्वीताईंनी सांगितलंय, गणपती झाले की गावठी अंड्यांचा तो पिवळाधमक केक करून दाखव, आवडला तर दर आठवड्याला दहा. आईने बजावलंय की हे जमलं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर मुकाट्याने मामाच्या ऑफिसात नोकरी.

"आणि महिना-सव्वा महिना ही अंडी ठेवू कुठे मी? डोक्यावर?"

"गोठवा," गौतम शांतपणे म्हणाला.

मनवा एवढ्या जोरात हसली की टोपली हलली. "अहो, मागे ठेवली होती फ्रीझरमध्ये. सकाळी सगळी तडकलेली!"

"कवचासकट ठेवलीत ना? आतलं फुगतं, मग कवच बिचारं काय करणार? फोडून ठेवायची असतात." तो जरा घुटमळला. "तुमच्या घरी चालत नसेल तर... आमच्याकडे मोठा फ्रीझर आहे. माझी आई असते घरी."

हे शेवटचं वाक्य त्याने इतक्या घाईने जोडलं, की मनवाला तो त्याच क्षणी आवडला. अर्थात तिने तसं स्वतःलासुद्धा कळू दिलं नाही.

नायगावच्या त्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली शैलाकाकू, गौतमची आई, वर्षावासातलं धम्मग्रंथाचं वाचन करत बसल्या होत्या. त्यांनी मनवाचा भिजलेला अवतार पाहिला, टोपली पाहिली, आणि काही न विचारता आधी टॉवेल दिला, मग चहा.

आणि मग गौतम कामाला लागला. मनवा केक करणारी होती, हाताची पारख होती तिला. पण असं काम तिने पाहिलं नव्हतं. तो प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीत फोडायचा, वास घ्यायचा, आणि मगच मोठ्या पातेल्यात सोडायचा. "एक खराब निघालं तर बाकीच्यांनी का भोगायचं?" तीस अंडी अख्खी, पांढरं-पिवळं एकत्र. काट्याने ती हळूहळू हलवली, फेस येऊ न देता. गाळली. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतली, वर बोटभर जागा सोडून.

"आणि या तीस अंड्यांचं पिवळं वेगळं काढू. तुझ्या... तुमच्या त्या खास केकसाठी."

"तू चालेल," मनवा म्हणाली.

"पिवळं नुसतं गोठवलं तर डिंकासारखं होतं, मग कशात मिसळत नाही. म्हणून चिमूट-चिमूट साखर घालायची. पांढऱ्याला काही लागत नाही. आणि नियम एकच, एकदा वितळलं की त्याच दिवशी वापरायचं. परत गोठवायचं नाही."

पिवळं काढायचं काम मनवाने घेतलं. कवचाच्या दोन अर्ध्या वाट्यांतून बलक इकडून तिकडे, तिकडून इकडे. गौतम तोवर पांढऱ्या पट्ट्यांवर लिहीत होता. काय आहे, किती आहे, तारीख. अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखं.

"सगळ्यावर लिहितोस?"

"लेबल नसलेलं मी फेकून देतो. पेशंटच्या पोटाचा प्रश्न असतो."

तेवढ्यात तिच्या केसांची एक बट सुटली आणि सरळ डोळ्यांवर आली. दोन्ही हात बलकाने माखलेले.

"ए, जरा मागे सार ना... प्लीज."

गौतमने हातातल्या पेनाच्या टोपणाने ती बट उचलली आणि तिच्या कानामागे ठेवली. पेन बराच वेळ तिथेच राहिलं. मग तिसावा बलक डब्यात पडला, झाकण लागलं, डबा फ्रीझरमध्ये गेला, आणि दोघंही एकदमच पावसाबद्दल बोलायला लागली.

श्रावणात मनवाचे रविवार नायगावला जायला लागले. कारण अगदी खरं होतं. सराव हवा होता, घरी अंडं चालत नव्हतं, आणि शैलाकाकूंकडे ओव्हन होता. आदल्या संध्याकाळी गौतम अख्ख्या अंड्यांचे चार खडे फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या फळीवर ठेवायचा, सकाळपर्यंत ते ताज्यासारखे होऊन बसलेले असायचे. केक मनवा करायची, पण चाखायची सोय नव्हती. श्रावण पाळायचा म्हणजे पाळायचा. मग चव बघायचं काम गौतमकडे आलं.

"कसाय?"

"छान."

"छान काय? नीट सांग ना. मला कळणार कसं?"

तो डोळे मिटायचा. "कड जरा कोरडी आहे. मधे... मधे एकदम बरोबर. वेलची एक दाणा कमी कर." आणि ती तसंच करायची. दुसऱ्या कुणाच्या जिभेवर इतका भरवसा तिने आयुष्यात ठेवला नव्हता. खोटी स्तुती करत नाही, बरं असलेलं लपवत नाही. असा माणूस जन्मभर शेजारी बसून चव बघत राहिला तर काय बहार येईल, असं तिच्या मनात आलं आणि ती एकटीच लाजली.

आईला तिने थोडं सांगितलं होतं, थोडं आईने ओळखलं होतं. "त्या मुलाला नि त्याच्या आईला गणपतीला बोलव गो," आई म्हणाली. "बघूया तरी कोण ते. महिनाभर दुसऱ्याचा ओव्हन तापवतेस."

निरोप ऐकून शैलाकाकू हसल्या. "आम्ही गणपती मांडत नाही बाळा, पण पाहुणे म्हणून नक्की येऊ. आणि तुमच्याकडे माणसं येणार, हा आमरस घेऊन जा. मे महिन्यात आटवून ठेवलाय." त्यांनी फ्रीझरमधून पिवळाधमक डबा काढून पिशवीत घातला. मनवाने तो घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवला. आई डबा बघून खूश झाली. "चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नैवेद्याला याचाच शिरा करते," ती म्हणाली. मनवाला त्या एका वाक्याने किती हलकं वाटलं म्हणून सांगू! नायगावच्या घरातलं काहीतरी त्यांच्या गणपतीपुढे जाणार होतं.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारची आरती चालू होती. मनवा टाळ वाजवत होती, आणि दारात गौतम उभा राहिला. नखशिखांत भिजलेला, धापा टाकणारा, छातीशी एक डबा धरलेला. दर्शनाच्या रांगांमुळे लालबागचा रस्ता बंद, म्हणून नायगावहून तो पळत आला होता. फोन तर कुणी आरतीत उचलत नाही.

ती बाहेर आली तसा तो कुजबुजला, "मनवा... आमरस आमच्याच फ्रीझरमध्ये आहे. हा बघ. आईने तुला दिला तो... तो बलकांचा डबा होता."

मनवाच्या हातातला टाळ थांबला. आत नैवेद्याचं ताट तयार होतं. त्यात वाटीभर शिरा दिसत होता. पिवळा.

"आई!"

आईने आरती संपू दिली. कापूर फिरवला, सगळ्यांना हात फिरवायला लावले, आणि मग पदराला हात पुसत गॅलरीत आली.

"ओरडतेस काय? तो केशराचा शिरा आहे." तिने कोपऱ्यातल्या पाटाखालून झाकलेला डबा पुढे केला. "सकाळी वितळल्यावर उघडला. आंब्याला वास नाही? माझा जन्म कोकणातला गो, मला फसवशील? झाकण लावलं नि बर्फाच्या पिशवीत गुंडाळून बाहेर ठेवला. भांडी धुतली, हात धुतले, झालं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"घरात एवढी माणसं. त्या बाईने मायेने दिलं, तिचं नाव कशाला खाली पडू देऊ?" मग तिने गौतमकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नायगावपासून धावत आलास?"

"हो काकू. सॉरी काकू. चूक आईची नाही, माझी आहे."

"चूक मग बघू. आधी डोकं पूस, न्युमोनिया होईल. नि तुझा तो खरा आमरस आत दे, उद्या करते शिरा."

मनवाने आईकडे पाहिलं. अशी बाई आपली आई आहे, हे इतक्या वर्षांत तिला कधी एवढं लख्ख दिसलं नव्हतं.

पण डबा वितळला होता. तीस बलक, आत्याच्या कोंबड्यांचे शेवटचे, आणि नियम एकच. मनवाने पूर्वीताईंना फोन लावला. "आजच आणला तर चालेल का? संध्याकाळी?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. "आण की. मी कुठे जातेय?" आई म्हणाली, "जा. देव काही रागवत नाही, मी पाहुणे बघते."

नायगावला केक ओव्हनमध्ये गेला. चाळीस मिनिटं. शैलाकाकू दोनदा "माझं मेलीचं लक्षच नव्हतं" म्हणाल्या आणि विहारात निघून गेल्या. ओट्याशी दोघंच उरली.

"गौतम, खरं सांग. लेबल नसलेलं तू फेकून देतोस ना?"

"हो."

"मग या डब्याला लेबल का नव्हतं?"

तो ओव्हनच्या काचेत केक बघत होता. मग एकदम वळला.

"पेन हातात होतं. तुझी बट मागे केली आणि... मग काय लिहायचं होतं तेच आठवेना. सहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मनवा, मला तू आवडतेस. टोपली धरून पाण्यात उभी होतीस ना, तेव्हापासून. आज तुझा गणपती, तुझा केक, तुझी आई... सगळंच माझ्यामुळे गेलं असतं. म्हणून सांगायची लायकी नाही माझी. पण तू विचारलंस."

मनवाला खूप काही बोलायचं होतं. पण ओव्हन वाजला, आणि केक कुणासाठी थांबत नाही.

गौतमने कडेचा तुकडा तोंडात घातला. डोळे मिटले.

"बोल ना रे!"

"काही बदलू नकोस," तो म्हणाला. "काहीच."

पूर्वीताईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसरा खाता खाता कॅलेंडर काढलं. "पुढच्या महिन्यापासून आठवड्याला दहा, गावठी अंडी मी मिळवते. जमेल?" मनवाने मान डोलावली.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, आईला सांगून, मनवा नायगावला गेली. गौतमने फ्रीझर उघडला आणि एक छोटा डबा ओट्यावर ठेवला.

आत केकचा एक तुकडा होता. त्या दिवशीचा. सगळ्यांनी चाखलेला, फक्त तिने न चाखलेला. झाकणावर पांढरी पट्टी, ते सुविचाराचं अक्षर:

मनवाचा. विसर्जनानंतर. एक तुकडा. मुदत:

"मुदत का नाही लिहिलीस?"

"ती... तू लिहायचीस."

तुकडा खोलीतल्या उबेला हळूहळू मऊ झाला, तोवर दोघांनी चहा घेतला. मग मनवाने पहिला घास घेतला. महिनाभर जे फक्त त्याच्या तोंडून ऐकलं होतं ते सगळं तिथे होतं. वेलची मोजून, मधे एकदम बरोबर. त्याने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता.

तिने त्याच्या खिशातलं पेन काढलं. तिची बट पुन्हा डोळ्यांवर आली होती, पण या वेळी त्याने टोपण शोधलं नाही, बोटांनीच मागे सारली. मनवाने डबा जवळ ओढला आणि मुदतीपुढे आपल्या तिरप्या अक्षरात लिहिलं: नाही.