हिरवी, पण काचेची नको

महिपतकाकांच्या सराफी दुकानात तो आला आणि 'जेड' या हिरव्या दगडाची म्हणून ठेवलेली बांगडी उचलून चक्क गालाला लावून उभा राहिला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"तपासतोय. बोटीवरचा एक चिनी मित्र सांगत होता... खरं जेड गार लागतं."

"या एसीखाली मीसुद्धा गारच लागेन!"

"ते तपासायचं धाडस नाही..." तो हसला, "अजून."

मी कानापर्यंत लाल झाले आणि ते लपवायला बांगडी त्याच्या हातातून काढून घेतली. रत्नपरीक्षेचा डिप्लोमा करून आले, तरी काकांनी मला पावत्या लिहायला बसवलं होतं. भिंग मात्र मी रोज पर्समधून आणायचे. भिंगाखाली बांगडीत गोल गोल बुडबुडे दिसले. जेडमध्ये असे बुडबुडे नसतात.

"ही काच आहे," मी म्हणाले.

"सावनी, गप ऱ्हा गो!" काका गल्ल्यावरून ओरडले.

त्याचा चेहरा उतरला. "मग नको. आईसाठी हवीय. बाबा गेले तेव्हा बायकांनी तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फोडल्या... मी बोटीवर होतो. आता तिला सहजी फुटणार नाही अशी, दगडाची द्यायचीय. पण हिरवीच."

"विधवा बाईच्या हातात हिरवी बांगडी?" काका उठलेच. "लोक तोंडात शेण घालतील!"

"घालूदेत," मी म्हणाले. "यांना मी आणून देते. खरी, प्रयोगशाळेच्या दाखल्यासकट."

"मग उद्यापासून दुकानात पाय ठेवू नको!"

"उद्यापासून कशाला?" मी भिंग पर्समध्ये टाकलं आणि त्याच्याआधी पायऱ्या उतरले. खोटं कशाला सांगू, मजा वाटत होती.

तो मागोमाग आला. "माझ्यामुळे तुमची नोकरी गेली."

"गेली नाही. सोडली. नाव काय तुमचं?"

"सर्वेश. मालगुंडचा. वीस दिवसांनी पुन्हा बोटीवर..."

घरी आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. काका तिचे सख्खे दीर. मुंबईहून बांगडी यायला पंधरा दिवस लागले. तोवर सर्वेशचे फोन — आधी बांगडीसाठी, मग उगाचच — आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. बांगडी आल्यावर दाखला वाचला, टॉर्च लावून वरून दिलेला रंग चिरांत साचलाय का ते पाहिलं. रंग दगडाचाच होता.

मालगुंडला त्याच्या आईनं, लीलाकाकूंनी, हात मागे घेतला. "नको गो. शेजारची सोनूबाई बघत असते."

"मग नीट दिसूदे की तिला!" मी त्यांच्या हाताला साबण लावला आणि बांगडी चढवली.

काकू रडल्या. मग धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन अंगणात गेल्या आणि सोनूबाईच्या दारासमोरच्या दोरीवर, हात चांगला उंच करून, एकेक कपडा सावकाश वाळत घालू लागल्या.

सर्वेश माझ्याकडे बघत होता. "सावनी... सहा महिन्यांनी बोटीवरून परत आलो की एक विचारायचंय."

"सहा महिन्यांनी? आत्ता विचार."

"लग्न... करशील माझ्याशी?"

"हो," मी म्हणाले — सोनूबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.